फोमचे स्पिटफायर

आठ महिने मी ते विमान घडवत होतो आणि पडायला त्याला तीन सेकंदही लागले नाहीत.

पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर एक माळ आहे. पावसाळा सरला की तिथले गवत पिवळे पडते, गुरे उशिरा येतात आणि सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळात वारा जवळजवळ नसतोच. दर रविवारी आम्ही सात-आठ जण तिथे जमतो. कुणी बँकेत आहे, कुणी दातांचा डॉक्टर, एकाचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. आणि एक निवृत्त गृहस्थ आहेत, ज्यांनी हवाईदलात विमानांचे सांगाडे दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे घालवली. त्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. रेडिओने चालणारी छोटी विमाने उडवणे हा आमचा उद्योग. घरच्यांच्या मते अर्थात हा उद्योग नसून रिकामपण आहे.

त्या रविवारी माझ्या हातात १.२ मीटर पंखविस्ताराचे स्पिटफायर होते. दुसऱ्या महायुद्धातले ते नामांकित लढाऊ विमान, माझे फोमचे. उडाले छान. चार फेऱ्या झाल्या, एकाने मोबाइलवर चित्रीकरणही केले. उतरवण्यासाठी म्हणून मी वेग कमी केला, माळाच्या टोकाला ते डावीकडे वळवले आणि त्या वळणातच डावा पंख एकाएकी खाली गेला, जणू कुणी खालून दोरी ओढली. विमान पाठीवर झाले आणि नाकावर आपटले. आवाजही धड झाला नाही. फोम पडताना उशी पडल्यासारखा वाजतो.

तुकडे गोळा करताना कुणी काही बोलले नाही. आमच्यात तशी रीतच आहे. काकांनी मात्र वाकून पंखाचा एक तुकडा उचलला, हातात तोलून पाहिला आणि विचारले, "वजन किती होतं रे याचं?"

मला सांगता आले नाही. आठ महिन्यांत मी त्याचे वजन एकदाही केले नव्हते. घरी आल्यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि पिशवीतून आणलेले सगळे अवशेष, बॅटरीसकट, त्यावर ठेवले. १७९० ग्रॅम. पेटीवर छापलेले वजन होते १२५० ग्रॅम. हे पाचशे चाळीस ग्रॅम आले कुठून, ते नीट उमगायला मला आणखी दोन महिने आणि दुसरे एक विमान लागले.

फोम म्हटले की आपल्याकडे आधी थर्मोकोल आठवतो. गणपतीच्या मखरांनी तो घराघरांत नेला. तापलेल्या तारेने कमानी, खांब आणि महिरपी कापणारे कारागीर गावोगावी होते. २०१८ साली राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सवलत द्यायलाही उच्च न्यायालयाने नकार दिला आणि ती कारागिरी ओसरली. विमानवाल्यांची युक्ती तीच आहे. थर्मोकोलच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाचे प्लायवूडचे आकार टाचायचे आणि दोघांनी मिळून तापलेली तार त्यांवरून एकाच गतीने ओढायची. एकाचा हात रेंगाळला की तिथे फोम जास्त वितळतो आणि पंखात खड्डा पडतो. माझा पहिला पंख मी एका मखरवाल्याकडून तार आणि ट्रान्सफॉर्मर उसना आणून कापला होता. त्याने तो पंख उलटसुलट करून पाहिला आणि "नक्षी नाही का काढायची?" असे विचारले. तो प्रश्न मला तेव्हा विनोदी वाटला होता. पुढे मी नेमके तेच करत बसलो.

आज पेटीतून येणारी विमाने थर्मोकोलची नसतात. त्यांचा फोम 'ईपीओ' नावाचा. पॉलिस्टायरीन आणि पॉलिइथिलीन यांच्या मिलाफाचा. त्याचे साबुदाण्यासारखे मणी अॅल्युमिनियमच्या साच्यात भरतात आणि वाफ सोडतात. मणी फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि साच्याचा आकार घेतात. थर्मोकोल काडकन मोडतो. ईपीओ आधी दबतो, वाकतो, आणि मगच तुटतो. दबलेल्या जागी उकळते पाणी ओतले किंवा किटलीची वाफ दिली तर मणी पुन्हा फुगतात आणि खळगा बराचसा भरून येतो. हा चमत्कार पहिल्यांदा पाहताना माणूस हरखून जातो.

जुन्या पिढीतल्या शौकिनांना मात्र हे सगळे पोरखेळाचे वाटते. त्यांचे पहिले विमान बहुधा एनसीसीच्या एअर विंगमधले, बाल्सा लाकडाचे, तारांना बांधून स्वतःभोवती गोल गोल फिरवायचे. बाल्साच्या फासळ्या कापायच्या, आराखड्यावर टाचणीने रोवायच्या, वरून कागद ताणून बसवायचा, असे महिनेच्या महिने ते काम चाले. "तुमचं काय, पेटी उघडली की विमान," असे ते म्हणतात, आणि अर्धे खरेच म्हणतात. पेटी उघडून तासाभरात विमान जोडता येते. पण पेटीतून निघालेले विमान आणि आपल्या मनातले विमान यांत जे अंतर असते, ते कापताना आठ महिने कसे जातात ते मला विचारा.

माझ्या मनात कोणते विमान होते ते सांगायला हवे. नाहीतर पुढचा खटाटोप वेडेपणाचा वाटेल.

स्पिटफायरचा नमुना पहिल्यांदा उडाला ५ मार्च १९३६ रोजी. त्याचा रचनाकार आर. जे. मिचेल पुढच्याच वर्षी वारला. पुढे वीस हजारांवर बनलेली ती विमाने त्याने पाहिली नाहीत. लंबगोलाकार पंखांमुळे हे विमान आकाशात कुठूनही ओळखू येते. पेटीतून आलेले माझे विमान अर्थातच ब्रिटिश ओळखचिन्हांचे होते: निळा, पांढरा आणि मधोमध लाल ठिपका असलेला गोल. माझा दहा वर्षांचा भाचा ते पाहून म्हणाला, "मामा, हे तर ब्रिटिशांचं. आपलं नव्हतं का?"

आपलेही होते. १९४४ साली तेव्हाच्या भारतीय हवाईदलाच्या आठ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला स्पिटफायरची आठव्या श्रेणीची, म्हणजे 'मार्क आठ' विमाने मिळाली. त्याआधी ही स्क्वाड्रन व्हेंजन्स नावाची बॉम्बफेकी विमाने घेऊन आराकानवर उडत होती. ब्रह्मदेशच्या मोहिमेत भारतीय वैमानिक, आणि त्यांची विमाने चिखलात उभी राहून दुरुस्त करणारे भारतीय तंत्रज्ञ, हे फार कमी जणांना ठाऊक असलेले प्रकरण आहे. त्याच आघाडीवर उडालेले हृषीकेश मुळगावकर १९७६ ते १९७८ या काळात हवाईदल प्रमुख होते, हेसुद्धा किती मराठी घरांत माहीत असेल? स्पिटफायर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इंग्लंडचे आकाश येते, कारण चित्रपट तिकडचे आणि पेट्यांवरची चित्रेही तिकडचीच.

पूर्वेच्या आघाडीवरच्या विमानांची एक खूण मात्र अगदी वेगळी होती. जपानी विमानांवर लाल सूर्यबिंब असायचे. धावपळीत कुणी लाल ठिपका पाहून आपल्याच विमानावर गोळ्या झाडू नयेत म्हणून या विमानांच्या गोलातला लाल रंग काढून टाकला गेला. राहिला गडद निळा आणि त्याच्या आत फिकट निळा. शिवाय पंखांवर आणि शेपटीवर लांबून दिसतील असे पांढरे पट्टे. वर हिरवा आणि मातकट तपकिरी, पोटाला करडा. मी ठरवले की आपले स्पिटफायर असे असेल. लाल ठिपका नसलेले.

आता कामाकडे.

ईपीओच्या पृष्ठभागावर दोन दोष असतात. एक म्हणजे मण्यांची खडबडीत जाळी, आणि दुसरा म्हणजे साच्यात वाफ सोडण्याच्या भोकांचे उमटलेले गोल ठसे व बारीक पुटकुळ्या. पुटकुळ्या धारदार पात्याने तासायच्या आणि ठशांत लांबी भरायची. रंगारी भिंतीला भरतात ती लांबी इथे चालत नाही; ती दगडासारखी जड. हलकी, कापसासारखी वाटणारी तयार पुट्टी मिळते, ती बोटाने चोपडायची, सुकली की २४० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची. घासताना फोम आणि पुट्टी सारख्या वेगाने झिजत नाहीत. फोम दबतो, पुट्टी उंचवट्यासारखी राहते, म्हणून पेपर लाकडाच्या सपाट तुकड्याला गुंडाळून घासावा लागतो. नुसत्या बोटाने घासले तर पंखाला लाटा येतात, आणि त्या चकचकीत रंगाखाली दुप्पट दिसतात.

त्यावर कातडे चढवायचे. यात दोन संप्रदाय आहेत. एक पातळ काचकापडवाल्यांचा: चौरस मीटरला पंचवीसेक ग्रॅम वजनाचे, धोतरापेक्षाही तलम कापड पंखावर अंथरायचे आणि त्यावर पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन वार्निश ब्रशने पाजायचे. दुसरा कागदवाल्यांचा: टिश्यू कागद आणि पाणी घातलेला फेविकॉल. कागदाचे काम स्वस्त आणि बरेच हलके, काचकापडाचे टणक. मी काचकापड घेतले. वार्निशचा एक हात पुरे असताना तीन हात मारले, कारण तिसऱ्या हातानंतर पंख असा गुळगुळीत झाला की हात फिरवल्यावर तो फोमचा आहे हे सांगून खरे वाटले नसते.

रंगाबाबत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, ती म्हणजे विद्रावक. स्प्रेच्या डब्यातला रंग थर्मोकोलवर मारला तर थर्मोकोल डोळ्यांदेखत विरघळतो आणि उरतो चंद्रासारखा खड्ड्यांचा पृष्ठभाग. फेविक्विकचा थेंबही तेच करतो. ईपीओ याबाबत सोशिक आहे. तरी आधी आतल्या, न दिसणाऱ्या भागावर ठिपका लावून पाहावा. सगळ्यात निर्धास्त म्हणजे पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग. चिकटवण्याचेही असेच. फेविकॉल फोमच्या दोन तुकड्यांच्या मध्ये दिवसेंदिवस सुकत नाही, कारण त्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते. जिथे ताण येतो, उदाहरणार्थ पंखांच्या मुळाशी किंवा मोटारीच्या बैठकीला, तिथे अॅराल्डाइटच हवे. पण अॅराल्डाइट जड. नखाएवढे पुरते तिथे आपण चमचाभर ओततो. मनाला तेवढेच बरे वाटते.

मग खरी गंमत सुरू होते. विमानाच्या पत्र्याचे जोड दाखवायला मऊ पेन्सिलीच्या रेषा. बंदुकीच्या तोंडाशी काजळीचे फराटे, एक्झॉस्टच्या नळ्यांमागे करडा-तपकिरी डाग. यासाठी रंगीत खडूची पूड बोटाने चोळायची. वैमानिक जिथून चढतो त्या पंखाच्या मुळाशी रंग खरवडून आतला चंदेरी पत्रा दिसल्यासारखे करायचे. कॉकपिटमध्ये घड्याळांची पाटी, पट्टे बांधलेला वैमानिक. पेटीतले विमान नवव्या श्रेणीच्या जवळचे होते; आठव्या श्रेणीचा रडर वर टोकदार असतो, म्हणून मी तो लाकडाचा तुकडा जोडून, लांबी भरून टोकदार केला. पायांच्या जागी धातूचे जाडजूड, आत ओढले जाणारे पाय बसवले. एकेक गोष्ट करताना मनात एकच विचार असे: एवढ्याने काय होणार आहे, दोन-चार ग्रॅम.

अपघातानंतरच्या आठवड्यात काका घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी वही मागितली. तुकडे वेगवेगळे तोलून, नव्या विमानाच्या तशाच भागांशी ताडून आम्ही हिशेब मांडला. पंख आणि धडावरचे काचकापड, वार्निश, लांबी आणि रंग मिळून १९० ग्रॅम. धातूचे पाय, मूळ पायांपेक्षा ९० ग्रॅम जास्त. कॉकपिट आणि वैमानिक ४० ग्रॅम. शेपटीवर चढलेला सगळा जामानिमा ५५ ग्रॅम. बेरीज ३७५. मग राहिलेले १६५?

"नाकात शिसं किती भरलंस?" काकांनी विचारले.

तेवढेच भरले होते. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या भागात एका ठरावीक जागी यावा लागतो. शेपूट जड झाली तर विमान लाथाळ घोड्यासारखे होते. काडी जराशी मागे ओढली की नाक वर उसळते. शेपूट जड झाली म्हणून मी नाकात शिसे भरत गेलो. माझ्या विमानात शेपटी गुरुत्वमध्यापासून साठ सेंटीमीटर मागे आणि शिसे भरायची जागा वीस सेंटीमीटर पुढे. म्हणजे तराजूच्या साध्या नियमाने शेपटीवरच्या एका ग्रॅमला नाकात तीन ग्रॅम. पंचावन्न त्रिक एकशे पासष्ट. शेपटीचा तो देखणा टोकदार रडर मला एकूण चौपटीने पडला होता.

"वजन किती, हे नंतर बघ," काका म्हणाले. "आधी ते कुठे आहे ते बघ."

पण नुसत्या वजनाने विमान पडत नाही. जड विमान उडते, फक्त त्याला वेग जास्त लागतो. माझ्या विमानाच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस डेसिमीटर. पेटीतल्या वजनाला ते ढोबळ हिशेबाने ताशी ३३ किलोमीटरपर्यंत हवेत तग धरून राहते. त्याखाली गेले की पंखावरून वाहणारी हवा सुटते, यालाच स्टॉल म्हणतात. हा वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो. १७९० ग्रॅमला तो ३९ वर गेला. ही झाली सरळ उड्डाणाची गोष्ट. विमान साठ अंशांत कलवून वळवले तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि तोच आकडा ५५ होतो. मी वेग कमी करून वळलो होतो. डोळ्यांना तो वेग नेहमीचाच वाटला, कारण डोळे जुन्या विमानाच्या सवयीचे होते.

इथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. माझे विमान खऱ्याच्या साधारण नऊ-साडेनऊ पटींनी लहान. ते ताशी ६० किलोमीटरने गेले तरी आपल्या लांबीच्या हिशेबात ताशी साडेपाचशेहून जास्त वेगाने गेल्यासारखे दिसते, आणि खरे स्पिटफायर पळायचेही त्याच्याच आसपास. तेव्हा हवेत विमान खऱ्यासारखे दिसावे यासाठी ते सावकाश उडायला हवे, आणि सावकाश उडण्यासाठी हलके हवे. मी ते खऱ्यासारखे दिसावे म्हणून जड करत गेलो, आणि जड झाल्यामुळे ते हवेत खऱ्यासारखे दिसेनासे झाले. चित्रीकरण पुन्हा पाहिले तेव्हा हे लक्षात आले. ते विमान उडत नव्हते, धावत होते.

तरीही एक प्रश्न उरलाच होता: डावाच पंख का गेला आणि इतका झपकन का? काकांनी उरलेला डावा पंख टेबलावर ठेवला, एक डोळा मिटून टोकाकडून पाहिला आणि विचारले, "काचकापड लावल्यावर सुकायला कुठे ठेवला होतास?"

टेबलावर. सपाट राहावा म्हणून वर दोन जाड पुस्तके ठेवून.

पंख सपाट नसतोच. मुळापासून टोकाकडे जाताना त्याला किंचित पीळ दिलेला असतो, टोकाची पुढची कड थोडी खाली झुकलेली असते. खऱ्या स्पिटफायरच्या पंखाला हा पीळ अडीच अंशांचा होता. त्यामुळे हवा आधी मुळाशी सुटते, विमान थरथरून वैमानिकाला इशारा देते आणि टोकाकडचे एलरॉन तोवर शाबूत राहतात. छोट्या विमानात टोकाचा पंख इतका अरुंद असतो की तिथली हवा तशीही नाजूक. पीळ नसेल तर ती टोकाशीच आधी सुटते आणि ते टोक इशारा न देता खाली जाते. कारखान्याने साच्यातच दिलेला पीळ मी पुस्तकांखाली दाबून सरळ केला होता आणि वार्निशने तो तसाच कायमचा पक्का केला होता. कोणती पुस्तके होती ते मी काकांना सांगितले नाही. त्यांपैकी एक विमानांवरचे होते.

दुसरे स्पिटफायर मी दिवाळीनंतर सुरू केले. वजनकाटा टेबलावरच ठेवला आणि प्रत्येक हातानंतर तोलायचे, वहीत लिहायचे, असे ठरवले. बायको म्हणाली, "माझं सोनं तरी इतक्या वेळा तोललं होतंस का?"

या वेळी काचकापड फक्त पंखांच्या पुढच्या कडेला आणि पोटाला, जिथे गवत लागते तिथे. बाकी टिश्यू कागद. वार्निशचा एकच हात, आणि तोही ओला असताना जुन्या क्रेडिट कार्डाने निपटून काढलेला. पंख सुकत असताना खाली टोकाशी पातळ पट्ट्या सारून पीळ कायम राहील अशी बैठक केली. पंखाच्या पोटात खाच पाडून कार्बनची पोकळ नळी बसवली. तिने दिलेल्या मजबुतीमुळे कापडाचा सोस आपोआप कमी झाला. शेपटीला कागदही नाही, नुसता पातळ रंग. रडरचे टोक पातळ फोमच्या तुकड्याचे, दीड ग्रॅमचे. शेपटीचे एकूण ओझे १२ ग्रॅम वाढले. ते तोलायला शिसे न भरता मी मोटारीमागची जागा कोरून १९० ग्रॅमची बॅटरी चार सेंटीमीटर पुढे सरकवली. बारा गुणिले साठ सातशे वीस, एकशे नव्वद गुणिले चार सातशे साठ. तराजू सरळ.

पाय मात्र धातूचेच ठेवले, पण पोकळ नळीचे. स्पिटफायरचे पाय एकमेकांच्या फार जवळ. खऱ्या विमानालाही जमिनीवर त्याचा त्रास व्हायचा. छोटे विमान तर गवतात हमखास नाकावर जाते आणि पंखा मोडते. चाके मिलिमीटरभर आत वळवली आणि पाय किंचित पुढे झुकवले तर ते बरेच टळते. ही सुधारणा फुकटची, एका ग्रॅमचीही नाही. तशीच दुसरी: सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारी ज्या तारांनी एलिव्हेटर आणि एलरॉन हलवतात, त्या तारांच्या टोकांची भोके कारखान्यात सैल पाडलेली असतात. ती बदलून घट्ट जोड बसवले की विमान जागच्या जागी शहाणे होते. पंखा आणि त्याची टोपी तोलून घेतली की धडाची थरथर जाते, स्क्रू सैल होत नाहीत. मोठी मोटार, चौथ्या सेलची बॅटरी या गोष्टींचा मोह सगळ्यांना होतो. मला विचाराल तर त्या सर्वांत शेवटी, पुष्कळदा नकोतच.

वैमानिक पुन्हा बसवला. त्याला पाठ आणि पाय नाहीत. काचेतून दिसतात तेवढेच खांदे आणि डोके. पायांना ५० ग्रॅम, कातडे आणि रंग ६०, शेपटी १२, कॉकपिट १३. एकूण १३८५ ग्रॅम.

गोल रंगवायला भाचा आला होता. गडद निळ्यात पांढरा मिसळून फिकट निळा करायचा, असे सांगून कंपास त्याच्या हाती दिला. मधला गोल किंचित बाजूला सरकला आहे. "लाल कुठाय?" त्याने विचारले. मग त्याला ब्रह्मदेश, जपानी विमाने आणि आठ क्रमांकाची स्क्वाड्रन हे सगळे सांगावे लागले. दिल्लीला पालमच्या हवाईदलाच्या संग्रहालयात खरे स्पिटफायर आहे म्हटल्यावर त्याने लगेच मे महिन्याची सुट्टी मागितली.

माळावर जाण्याआधीचे काही उपचार आता सवयीचे झाले आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांमध्ये आमची खेळातली विमानेही येतात. नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते पाहायचे, चारशे फुटांच्या वर जायचे नाही, विमान नजरेआड होऊ द्यायचे नाही. लिथियमच्या बॅटऱ्या चार्ज करताना शेजारून उठायचे नाही. फुगलेली बॅटरी पेट घेते. मे महिन्यात गाडीच्या काचा बंद करून विमान आत ठेवायचे नाही; गडद रंगाखालचा फोम उन्हाने फोडासारखा फुगतो. आणि पडलेल्या विमानाचा प्रत्येक मणी वेचून आणायचा. गुरे ते खातात.

पहिल्या उड्डाणाला काकांनी रिमोट हातात घेतला नाही, मागे मात्र उभे राहिले. उंचावर जाऊन मी मोटार बंद केली आणि विमान सरळ ठेवून हळूहळू मंद करत नेले. ते थांबल्यासारखे झाले, नाक किंचित थरथरले आणि मग दोन्ही पंख सारखे ठेवून पुढे झुकले. पुन्हा केले, पुन्हा तसेच. "आता वळव," काका म्हणाले. सूर्य पाठीशी होता. डाव्या वळणात पंखावरचे पांढरे पट्टे आणि तो किंचित बाजूला सरकलेला निळा गोल लख्ख दिसला, आणि विमान इतके सावकाश गेले की भाच्याला त्यातला वैमानिक दिसला. निदान त्याचे म्हणणे तसे आहे.

उतरताना चाके गवतात अडली आणि उजव्या पंखाचे टोक एका दगडाला घासले. मिलिमीटरभर खळगा. घरी किटलीच्या वाफेवर धरला तेव्हा फोम फुगून वर आला, पण वरचा कागद आणि रंग तिथे सुरकुतला. भाचा म्हणाला, लांबी भरून पुन्हा रंगवू या. मी काट्यावर पुट्टीचा गोळा ठेवून पाहिला. चार ग्रॅम. सुरकुती अजून तशीच आहे.